कल्याण बंदर ते कुबरनेटिस

मंडळी, कुबरनेटिस हे नाव पहिल्यांदा उच्चारताना प्रत्येकाची जीभ अडखळते. शब्द ग्रीक आहे. अर्थ, नावेचं सुकाणू धरणारा. आपल्याकडे याला अगदी नेमका जोड आहे: कर्णधार. संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणूसुद्धा. ते धरतो तो कर्णधार. आता क्रिकेटनं हा शब्द पळवला ते सोडा :)

खरी गंमत पुढे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीवही लिहिली. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. त्यात हिप्पालस नावाच्या दर्यावर्दीचा उल्लेख येतो. बंदरांच्या जागा आणि समुद्राची तऱ्हा ओळखून त्यानं भर समुद्रातून भारताकडे यायची वाट काढली, असं लेखक सांगतो. (मोसमी वारे आपल्या आणि अरबी खलाशांना त्याआधीपासून ठाऊक होते, हे आजचे अभ्यासक सांगतात. ते असो.) या हिप्पालससाठी मूळ ग्रीकमध्ये वापरलेला शब्द आहे 'कुबरनेटिस'. आणि त्याच वहीत, थोडं आधी, एक बंदर येतं: कल्लिएना. म्हणजे आपलं कल्याण!

म्हणजे लोकलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन आपण जो शब्द टाइप करतो, तो आणि कल्याणचं नाव जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एकाच वहीत येऊन गेले आहेत.

कल्याणबद्दल पेरिप्लसकार काय म्हणतो? पूर्वी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलली आणि इथे अडवणूक सुरू झाली. चुकून एखादं ग्रीक जहाज आलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेत. खाडी तीच, माल तोच, गिऱ्हाईक तेच. बदलला फक्त फाटकावरचा माणूस. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्या काळचा कंटेनर म्हणजे मातीचा उंच, दोन कानांचा कुंभ. असल्या मद्यकुंभांची खापरं घारापुरीलाही सापडली आहेत. पण प्रत्येक गावचा कुंभ वेगळ्या मापाचा. भरताना-उतरवताना माणसाचे हात लागायचेच. हे पुढची एकोणीस शतकं चाललं.

२६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं 'आयडियल एक्स' या जहाजावर ५८ पेट्या चढवल्या आणि नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल चढवायला टनाला जवळपास सहा डॉलर लागत. त्याच्या हिशेबानं पेटीत भरून तेच काम सुमारे सोळा सेंटमध्ये झालं. पण खरी क्रांती पेटीची नव्हे, मापाची. लांबी २० किंवा ४० फूट, रुंदी ८ फूट, कोपऱ्यांना ठरलेली कडी. आत साड्या आहेत की पंप, याच्याशी क्रेनला घेणंदेणं नाही. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि ही पेटी आपल्या दारात आली. शीळफाट्याला ट्रेलरमागे तासभर अडकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

लिनक्सची गोष्ट याच वळणानं जाते. १९७९ च्या युनिक्समध्ये 'सीएचरूट' आलं: प्रोग्रॅमला एका फोल्डरात कोंडायचं आणि हेच तुझं जग म्हणून सांगायचं. २००० मध्ये फ्रीबीएसडीचे 'जेल'. मग २००६ मध्ये गूगलच्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी सीग्रुप्सचं काम सुरू केलं: कुठल्या प्रोसेसला किती मेमरी, किती सीपीयू याचं रेशनिंग. २००८ मध्ये ते कर्नलमध्ये आलं. नेमस्पेस ही भिंत आणि सीग्रुप हे रेशनकार्ड. कंटेनर म्हणजे एवढंच. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सनं पाच मिनिटांत डॉकर दाखवलं. त्यानं भिंत शोधली नाही. पेटीचं माप ठरवलं, जे कुणाही गड्याला वापरता येईल. मग पेट्या हजारोंनी वाढल्या, बंदर सांभाळायला कुणीतरी हवं झालं, आणि जून २०१४ मध्ये गूगलनं कुबरनेटिस खुलं केलं.

हे सर्व्हरवर बसवताना ज्या पायऱ्या असतात, त्यांना हाच इतिहास चिकटलेला आहे. स्वॅप बंद करायला सांगतात, कारण कुठल्या मशीनवर किती जागा मोकळी आहे याचा हिशेब पक्का हवा. (नव्या आवृत्त्यांत ती ठेवताही येते.) सीग्रुपचा ड्रायव्हर दोन्हीकडे एकच हवा, नाहीतर एकाच मालाला दोन कारकून. नेटवर्कचा प्लगइन टाकेपर्यंत नोड 'तयार नाही' असंच म्हणत राहतो. धक्का बांधला, पण रस्ता कुठाय? आणि 'एटसीडी' ही बंदराची खातेवही. तिचा बॅकअप नसेल तर पेट्या असतील, पण कुठली कुणाची हे सांगणारं कोणी नाही.

आता फाटकावरचा माणूस. इमेज बहुतेक जण एकाच सार्वजनिक गोदामातून ओढतात. नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हबनं अनोळखी गिऱ्हाइकाला सहा तासांत १०० इमेजची मर्यादा घातली आणि जगभरचे बिल्ड अडकले. माल तोच, खाडी तीच... कल्याणची जहाजं भडोचला! म्हणून आपल्याला लागणाऱ्या इमेजची एक प्रत आपल्या गोदामात ठेवणं हा शिष्टाचार नाही, शहाणपण आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. पेटीनं गोदीतलं हमालीचं काम प्रचंड कमी केलं, पण संपवलं नाही. ते सरकलं. आज भिवंडीच्या गोदामांत कुणीतरी त्या पेट्या भरतोच. त्या कामाला महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याचं संरक्षण मिळालं, तेही लढून. आपल्या धंद्यातल्या सिस्टिम ॲडमिनचं असंच झालं. सर्व्हरवर हातानं पॅकेज चढवणं गेलं. इमेज बांधणं, यॅमल लिहिणं, रात्री दोनला पेजर उचलणं आलं. हे नवं ओझं मात्र पगाराच्या चर्चेत दिसत नाही, कारण 'प्लॅटफॉर्म सगळं आपोआप करतो' ना!

करत नाही. क्यूबॲडमनं बसवलेल्या क्लस्टरची बरीच प्रमाणपत्रं वर्षभरात संपतात. बसवायला एक दुपार पुरते. वर्षभर सुकाणू धरायला माणूस लागतो. चार सेवांसाठी एकच सर्व्हर असेल तर साधं डॉकर कंपोज पुरतं. डोंबिवलीच्या रिक्षात सामान चढवायला न्हावाशेव्याची क्रेन कोण मागवतो? आणि खरंच गरज असेल, तर आधी विचारा: कर्णधार कोण? त्याची रजा, त्याचा बदली माणूस, त्याचा पगार ठरलाय का?

हिप्पालसचं नाव राहिलं ते जहाजामुळे नाही. बंदरं कुठे आहेत आणि समुद्र कसा आहे, हे त्यानं आधी पाहिलं म्हणून.