नर फळमाशीला ओढणारा वास

सांगोला, पंढरपूरकडच्या डाळिंबाच्या आणि पेरूच्या बागांत फांदीला टांगलेला प्लॅस्टिकचा सापळा आता ओळखीचा झाला आहे. आत औषधात भिजवलेला प्लायवुडचा ठोकळा असतो आणि तळाशी मेलेल्या फळमाश्या. त्या जवळजवळ सगळ्या नर. फळाला डंख करून सालीखाली अंडी घालते ती मादी. मग नर मारून काय उपयोग, हा बागाईतदाराचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला बिहारमधल्या पुसापर्यंत मागं जावं लागतं.

१९०५ साली स्थापन झालेल्या पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट हे कीटकशास्त्रज्ञ होते. डास पळवण्यासाठी रुमालावर शिंपडलेल्या सिट्रोनेला तेलावर फळमाश्या येऊन बसतात, ही गोष्ट त्यांच्या कानावर आली. त्यांनी ती सोडून दिली नाही. येणारे सगळे नरच आहेत, हे त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलं आणि १९१५ पर्यंत मिथाइल युजेनॉल या द्रव्यापर्यंत ते पोहोचले. सापळ्यातल्या ठोकळ्यात असतं ते हेच द्रव्य; आपल्या तुळशीच्या तेलातही ते असतं.

हा काही मादीचा वास नव्हे. मग नर त्यामागे इतका वेडा का होतो? याचा उलगडा व्हायला सत्तरएक वर्षं लागली. जपानचे रित्सुओ निशिदा आणि मलेशियाचे केंग हाँग टॅन यांनी दाखवलं, की नर हे द्रव्य चाटतो, त्याच्या शरीरात त्यापासून दुसरी द्रव्यं तयार होतात आणि गुदाशयाच्या ग्रंथीत साठतात. दिवस मावळताना नर पंख फडफडवत ती हवेत सोडतो. हवाई बेटांवर टॉड शेली आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९४ मध्ये प्रयोगातून सिद्ध केलं, की मिथाइल युजेनॉल चाखलेल्या नरांना न चाखलेल्यांपेक्षा जास्त माद्या मिळतात. म्हणजे मादी मिळवण्याची तयारी करायला आलेला नरच सापळ्यात सापडतो. मला या साऱ्या कथेतला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

हे कोडं सुटण्याआधीच उपाय मात्र वापरात आला होता. नरच उरले नाहीत, तर माद्यांचं मिलन होत नाही आणि पुढची पिढी निपजत नाही, हे त्यामागचं तत्त्व. १९६० च्या दशकात पॅसिफिकमधल्या रोटा बेटावर मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून टाकून ही माशी समूळ नाहीशी केली गेली. महाराष्ट्रात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा-बागांसाठी ‘रक्षक सापळा’ तयार केला.

रोटा हे समुद्राने वेढलेलं बेट. सोलापूरच्या बागांना तसं कुंपण नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, शिवाय मिलन झालेली मादी शेजारच्या बागेतून येऊ शकते. म्हणून एकट्याने दोन सापळे टांगून भागत नाही. सापळे शिवारभर, एकाच वेळी आणि फळं पक्व व्हायच्या आधीपासून लागले पाहिजेत. गळलेली, डागी फळं रोज वेचून खोल पुरायला हवीत, कारण त्यांतल्या अळ्या मातीत शिरून कोष करतात. आणि बागेशेजारी कारल्याचा किंवा दोडक्याचा मांडव असेल, तर तिथं क्यूल्यूर या दुसऱ्या आमिषाचा वेगळा सापळा लावावा. त्या वेलींवरच्या माशीच्या नराला मिथाइल युजेनॉलची ओढ नसते.