पियानोची तालीम आणि प्रौढाचा हात

वाद्य शिकावयाचे तर बालपणीच. मोठेपणी त्या वाटेस जाऊ नये, हे मत आपल्याकडे जितके रूढ, तितकेच युरोपातही जुने आहे. फ्रान्स्वा कूपरँ या फ्रेंच वादकाने १७१६ साली हार्प्सिकॉर्ड या पियानोच्या पूर्वीच्या वाद्यावर ग्रंथ लिहिला, त्यात आरंभास सहा-सात वर्षांचे वय योग्य ठरविले आहे. परंतु उशिरा आलेल्यासही त्याने दारातून परत पाठविले नाही. वयाबरोबर शिरा ताठरतात, तेव्हा वाद्यापाशी बसण्यापूर्वी बोटे ताणून मोकळी करून घ्यावीत, एवढेच त्याचे सांगणे.

पुढील शतकास हा साधेपणा मानवला नाही. लोजिए नावाच्या शिक्षकाने १८१४ मध्ये ‘कायरोप्लास्ट’ या यंत्राचे एकस्व मिळविले. मनगट दोन आडव्या दांड्यांत धरावयाचे आणि प्रत्येक बोट आपापल्या खाचेत बसवावयाचे, अशी त्याची रचना. त्याच्या वर्गात अनेक विद्यार्थी अनेक पियानोंवर एकदम वाजवीत. भरलेल्या वर्गापुढे आयुष्य काढलेल्या आम्हांस या युक्तीचा मोह समजतो, हे कबूल केले पाहिजे!

त्याचाच सहकारी काल्कब्रेनर पुढे पॅरिसमध्ये मोठा आचार्य मानला जाऊ लागला. १८३१ साली एकवीस वर्षांचा शोपँ तेथे आला, तेव्हा काल्कब्रेनरने त्यास तीन वर्षे आपल्यापाशी शिकण्यास सुचविले. शोपँला त्याच्या वादनाविषयी अपार आदर होता. आपली एक रचनाही त्याने त्यास अर्पण केली. तथापि शिष्यत्व मात्र त्याने पत्करले नाही.

पुढे शोपँ स्वतः शिकवू लागला, तेव्हा त्याने क्रमच उलटा केला. सर्व पांढऱ्या पट्ट्यांचे सप्तक दिसावयास सोपे, म्हणून पुस्तके तेथून आरंभ करीत. शोपँ ते सर्वांत शेवटी ठेवी. पाच काळ्या पट्ट्यांचे सप्तक तो प्रथम देई, कारण मधली लांब बोटे उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा व करंगळी पांढऱ्यांवर आपोआप विसावतात. सर्व बोटे सारख्या बळाची करण्याचा अट्टाहास त्यास निसर्गविरुद्ध वाटे. तीन तासांहून अधिक सराव करण्यासही त्याची मनाई असे. त्याच सुमारास, कायद्याचे शिक्षण सोडून आलेल्या शूमानचा उजवा हात कायमचा अधू झाला. कारणाविषयी मतभेद आहेत. परंतु बोटाच्या व्यायामासाठी त्याने एक यांत्रिक साधन वापरले होते, हे त्याच्या रोजनिशीवरून कळते.

हा इतिहास आम्ही निव्वळ जिज्ञासेने चाळला नाही. पन्नाशी उलटल्यावर आम्ही पियानोपाशी बसलो. पेटीची सवय जुनी, त्यामुळे उजवा हात धावे. डावा मात्र जन्मभर भाता ओढीत आलेला. ज्या गृहस्थांकडे गेलो, त्यांनी बालवर्गाचे चित्रमय पुस्तक पुढे ठेवले. अर्थ क्षणात उमगे, बोटे महिनाभर ऐकत नसत. तीन महिन्यांत आम्ही पियानोचे झाकण लावून टाकले.

ते पुन्हा उघडले, ते शोपँच्या त्या पट्ट्यांसाठी. दोन पांढऱ्यांच्या मध्ये तीन काळ्या, एवढाच पाठ. आणि आरंभी कूपरँचे बोटे ताणणे. डावा हात अजून मागे राहतो. उजवा मांडीवर ठेवून आम्ही त्यास एकट्यालाच वाजवू देतो.