सैन्यत्यागास साहाय्य

सैन्यत्यागास साहाय्य : सेवा कायमची सोडण्याच्या उद्देशाने सैनिकाने आपल्या पथकातून निघून जाणे म्हणजे सैन्यत्याग. तो करणाऱ्या सैनिकाचा न्यायनिवाडा लष्करी कायद्यान्वये होतो. त्याला फूस लावणाऱ्या किंवा आसरा देणाऱ्या नागरिकास मात्र देशाचा सर्वसाधारण फौजदारी कायदा लागू पडतो.

स्पिटहेड व नोर येथील नाविकांच्या बंडानंतर ब्रिटनमध्ये १७९७ साली सैनिकांना चिथावणी देण्याविरुद्ध स्वतंत्र अधिनियम झाला. हिंदुस्थानात १८५७ च्या उठावात कंपनी सरकारने असेच कठोर कायदे घाईने केले. सातारच्या शिपायांना फितवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल मानसिंग नावाच्या चपराशाला त्याच वर्षी जूनमध्ये फाशी देण्यात आली. पुढे रंगो बापूजी गुप्ते यांच्या कटातील १७ जणांना ८ सप्टेंबर रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर देहदंड झाला. काहींना फाशी देण्यात आली, काहींना गोळ्या घालण्यात आल्या व काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. रंगो बापूजी स्वतः निसटले. त्यांचा मुलगा सीताराम मात्र फाशी गेला.

भारतीय दंड संहितेने (१८६०, अंमल १ जानेवारी १८६२ पासून) सातव्या प्रकरणात हा विषय व्यवस्थित मांडला. कलम १३१ प्रमाणे बंडास अपप्रेरणा देणे किंवा सैनिकास निष्ठेपासून वा कर्तव्यापासून ढळविण्याचा प्रयत्न करणे यांस आजीव काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा होती. अपप्रेरणेमुळे बंड प्रत्यक्ष घडल्यास कलम १३२ प्रमाणे देहदंडही देता येई. त्यामानाने एखाद्या सैनिकास पळून जाण्यास मदत करणे (कलम १३५) व पळालेल्यास जाणूनबुजून आसरा देणे (कलम १३६) हे सौम्य गुन्हे होते. त्यांस कमाल दोन वर्षे कारावास वा दंड, किंवा दोन्ही. व्यापारी जहाजावर असा सैनिक निष्काळजीपणामुळे लपून राहिल्यास तांडेलास पाचशे रुपयांपर्यंत दंड होई (कलम १३७). नवऱ्याला आसरा देणाऱ्या पत्नीस कलम १३६ मधून वगळले होते. सैनिकाला नोकरीवर टिकवू पाहणाऱ्या कायद्यानेही घराचा उंबरठा ओलांडला नाही, ही गोष्ट संहितेच्या रूक्ष भाषेत उठून दिसते.

एकट्यादुकट्या फरारी शिपायासाठी ही कलमे पुरेशी होती. पलटणीच्या पलटणी फोडू पाहणाऱ्या राजकीय चळवळींपुढे ती अपुरी पडली. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे (१८८८–१९१५) हे अमेरिकेतून गदर चळवळीच्या कार्यासाठी परतले. २३ मार्च १९१५ रोजी मीरत येथे १२ व्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह ते पकडले गेले. त्यांच्यावरील खटला लाहोरच्या विशेष न्यायाधिकरणापुढे राजाविरुद्ध युद्धाच्या कटाचा म्हणून चालला व १६ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

कायद्याची खरी कसोटी १९२१ मध्ये लागली, कारण आता चिथावणी गुप्त राहिली नव्हती. जुलैमध्ये कराची येथील खिलाफत परिषदेने ब्रिटिश सैन्यात नोकरी करणे मुसलमानांना धर्मबाह्य असल्याचा ठराव केला. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात असल्याने पुढील कारवाई मुंबई सरकारच्या अखत्यारीत आली. महंमद अली, शौकत अली, सैफुद्दीन किचलू यांसह सात जणांवर खटला भरण्यात आला. सैनिकांना फितवण्याच्या कटाचा मुख्य आरोप पंचांनी मान्य केला नाही. १ नोव्हेंबर रोजी सहा जणांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, ती मुख्यतः सैनिकांस कर्तव्यच्युत करणाऱ्या विधानांविषयीच्या कलम ५०५ च्या आधारे. शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ निर्दोष सुटले.

निकालापूर्वीच, ४ ऑक्टोबर रोजी, महात्मा गांधी व इतर चाळीसहून अधिक पुढाऱ्यांनी मुंबईत एक जाहीरनामा काढला. सरकारशी संबंध तोडून उपजीविकेचे अन्य साधन शोधणे हे प्रत्येक हिंदी सैनिकाचे व मुलकी नोकराचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले होते. सह्या करणाऱ्यांत न. चिं. केळकर, गंगाधरराव देशपांडे, जमनालाल बजाज आदी होते. शब्दशः पाहता हा कलम १३१ वा १३५ चा उघड भंग होता. तरीही एवढ्या सर्वांवर त्या कलमांखाली खटला भरण्याचे सरकारने टाळले. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेस गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती राजद्रोहाबद्दल (कलम १२४ अ). आरोपाधार ठरलेल्या तीन लेखांपैकी एक सैनिकांच्या निष्ठेविषयीचा होता. सैन्यभरतीस विरोध करणे हाही गुन्हा ठरविणारा कायदा पुढे १९३८ मध्ये झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात भूसेना अधिनियम (१९५०) कलम ३८ प्रमाणे सक्रिय सेवेतील सैन्यत्यागास देहदंडापर्यंत शिक्षा आहे. फरारी सैनिकास जाणूनबुजून आसरा देणाऱ्या सैनिकास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नागरिकास तीच कृती केल्याबद्दल कमाल शिक्षा दोन वर्षांचीच राहिली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत (२०२३) ही कलमे १५९ ते १६८ या क्रमांकांखाली आहेत. कलम १६५ मधील तांडेलाचा दंड तीन हजार रुपयांपर्यंत वाढला असून कलम १६४ मधील पत्नीचा अपवाद आता पती वा पत्नी, अशा दोघांनाही लागू होतो.