घाटाचा राजा : शर्यतीतल्या शर्यतीची कुळकथा

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत दोन विजेत्यांची नावे घेतली जातात. पुण्यात पहिला पोहोचतो तो शर्यतीचा विजेता आणि बोरघाट सर्वांत आधी चढून जातो तो ‘घाटाचा राजा’. शर्यत संपायला अजून बरेच अंतर असताना मधल्याच एका चढाला स्वतंत्र मान देण्याची ही प्रथा युरोपातल्या टप्प्यांच्या शर्यतींत घडली. तिची मुळे टूर द फ्रान्सच्या पहिल्या काही वर्षांत सापडतात.

‘लोतो’ या क्रीडा दैनिकाने आपला खप वाढवण्यासाठी १९०३ साली ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी ६ टप्पे होते आणि एकूण अंतर २,४२८ किलोमीटर. १९०५ मध्ये संपादक आंरी देग्रांज यांनी मार्गात बालों दाल्झास हा डोंगर घेतला. शर्यतीतला पहिला मोठा चढ म्हणून त्याचेच नाव सांगितले जाते. माथ्यावर सर्वांत आधी रने पोतिए पोहोचला, पण त्या दिवसाचा टप्पा जिंकला इपोलित ओकुतुरिए याने. दुखापतीमुळे पोतिएला पुढे शर्यतच सोडावी लागली. चढाईतला श्रेष्ठ आणि अंतिम रेषेवरचा श्रेष्ठ हे दोन वेगळे खेळाडू असू शकतात, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. पुढच्या वर्षी पोतिएने संपूर्ण शर्यत जिंकली.

१९१० मध्ये मार्ग पिरेनीज पर्वतात शिरला. २,११५ मीटर उंचीची तुर्माले खिंड तेव्हा कच्च्या वाटेची होती. ती पहिल्यांदा पार करणारा ऑक्ताव्ह लापीझ त्या वर्षीचा विजेताही ठरला. १९११ मध्ये आल्प्समधली गालिबिए खिंड आली. या काळात उत्तम चढाईपटू कोण, हे ‘लोतो’च ठरवत असे. त्यासाठी मोजणीची पद्धत नव्हती.

ती पद्धत १९३३ मध्ये आली. ठरलेल्या माथ्यांवर पोहोचण्याच्या क्रमानुसार गुण मिळू लागले आणि त्यांची वेगळी तालिका तयार झाली. पहिला मान स्पेनच्या विसेंते त्रुएबाने मिळवला. लहान चणीचा त्रुएबा माथ्यावर पुढे असे, पण उतारावर मागचे स्वार त्याला गाठत. अखेरच्या क्रमवारीत तो सहावा राहिला. म्हणून १९३४ पासून माथ्यावर पहिल्या येणाऱ्याला वेळेची सवलतही देण्यात आली. पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मात्र १९७५ मध्ये आली. त्या वर्षी चढाईची तालिका बेल्जियमच्या लुसिएन व्हॅन इम्पने जिंकली.

चढाईचा मान वेगळा ठेवण्यामागे शरीराचे आणि हवेचे गणित आहे. सपाट रस्त्यावर स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या आडोशाने चालणाऱ्याची शक्ती वाचते, त्यामुळे घोळका एकत्र राहतो. चढावर वेग उतरतो, आडोशाचा फायदा घटतो आणि स्वतःचे व सायकलचे वजन वर उचलणे हेच मुख्य काम उरते. तिथे वजनाच्या प्रमाणात ज्याची ताकद अधिक, तो सुटून पुढे जातो. माथा ओलांडला की उतार व सपाटी लागते आणि घोळक्याचे बळ पुन्हा वरचढ ठरते.

मुंबई-पुणे मार्गाची रचना नेमकी अशीच आहे. पनवेलवरून खोपोलीपर्यंतचा रस्ता कोकणपट्टीतून, समुद्रसपाटीपासून फारसा वर न चढता जातो. खोपोलीनंतर बोरघाट सुरू होतो आणि खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची गाठावी लागते. लोणावळ्यानंतर पुण्यापर्यंत साठहून अधिक किलोमीटर रस्ता पठारावरून, बराचसा उतरता जातो. घाटात घेतलेली आघाडी मागून येणारा गट या पठारावर भरून काढू शकतो. शर्यत एकाच दिवसाची असली, तरी त्रुएबाच्या वाट्याला आलेला प्रसंग इथेही संभवतो. घाटाचा वेगळा किताब नसता, तर तिथली झुंज निकालात कुठेच दिसली नसती.

हा घाट चाकांच्या गाड्यांसाठी १८३० मध्ये, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. रेल्वेने तो १८६३ मध्ये ओलांडला. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी लोककथा आहे. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि येणारेजाणारे तिथे नाणे वाहतात. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलींना मनाई असल्याने स्वारांसाठी हा जुना रस्ताच उरला.

किनारपट्टीवरच्या शहरांत एवढा सलग चढ मिळत नाही. मीरा-भाईंदरजवळ घोडबंदर रस्त्यावर काजूपाडा ते गायमुख असा घाट आहे, पण बोरघाटापुढे तो फार लहान आहे. सह्याद्रीची मुख्य भिंत चढायची, तर बोरघाट किंवा नाशिकच्या वाटेवरचा कसारा यांसारखा घाट गाठावा लागतो. राज्यातल्या सायकलपटूंमध्ये ‘घाटाचा राजा’ या किताबाला वजन आहे ते यामुळे.

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ श्रेणीतली शर्यत पुणे जिल्ह्यात झाली. तिचे अंतर ४३७ किलोमीटर होते. या श्रेणीतला पहिला आकडा बहुटप्पी शर्यतीचा आणि दुसरा तिच्या दर्जाचा असतो. भारतात या श्रेणीची ही पहिलीच बहुटप्पी शर्यत. चढाईचा मान टप्प्यांच्या शर्यतींत जन्मला आणि महाराष्ट्रात एका दिवसाच्या शर्यतीत रुजला. आता टप्प्यांची शर्यतही सह्याद्रीच्या घाटांत आली आहे.