गावचा आकडा आणि गावची नावे : पहिल्या महायुद्धातील मृत सैनिकांच्या स्थानिक साधनांविषयी

सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा इंग्रजी शब्द इतका दृढ झाला आहे, की तो आता गावाच्या नावाचाच भाग मानला जातो. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. वृत्तपत्रांतून, भाषणांतून व शासकीय प्रसिद्धीतून हा आकडा वारंवार येतो. परंतु आकडा जितका प्रसिद्ध, तितकीच त्यामागील माणसे अप्रसिद्ध, असा अनुभव केवळ या गावापुरता नाही. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील पुष्कळ गावांत स्मारकशिला बसविल्या. त्यांवरील मजकूर ठराविक साच्याचा आहे. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यांवर असते. गावाचे नाव आणि दोन आकडे यांपलीकडे शिला बोलत नाही. या आकड्यांतून नावांपर्यंत जाण्यास गावच्या व तालुक्याच्या दप्तरांचा उपयोग कितपत होतो, आणि ही दप्तरे अभ्यासकास कोठे फसवितात, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मृताचे नाव न कोरता त्याची स्मृती दगडात ठेवण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. महाराष्ट्रातील गावोगावी आढळणाऱ्या वीरगळांपैकी बहुतेकांवर अक्षर नाही. खाली युद्धाचा प्रसंग, मध्ये वीरास स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा एवढ्या चित्रांवर शिल्पकाराने काम भागविले. तथापि वीरगळ उभा करणाऱ्यांना तो कोणाचा हे ठाऊक होते, आणि ते ठाऊक असेपर्यंत लेखाची गरजही नव्हती. महायुद्धाच्या शिलेची गोष्ट निराळी आहे. ती सरकारने बसविली, आणि तिच्यावर कोणा एकाचे नव्हे तर सर्वांचे मिळून स्मरण आहे.

याउलट भीमेकाठच्या कोरेगावचा जयस्तंभ पाहावा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांपैकी ४९ जणांची नावे त्यावर आहेत, आणि त्यांत साधे शिपाईही आहेत. २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय असल्यामुळे ते शिपाई महार असल्याचे ओळखता आले व त्या ओळखीचे पुढील सामाजिक इतिहासातील महत्त्व सर्वांस विदित आहे. ही नावे कोरण्यामागे कृतज्ञता किती व विजयाची जाहिरात किती, हा प्रश्न वेगळा. आपल्या विषयापुरती लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की शंभर वर्षांपूर्वी शिपायाचे नाव दगडावर घालणाऱ्या सत्तेने पहिल्या महायुद्धानंतर बसऱ्यास मात्र तसे केले नाही.

साताऱ्याच्या दृष्टीने बसऱ्याचे महत्त्व विशेष आहे. मेसोपोटेमियात प्रथम गेलेल्या सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनच्या लढाईनंतर ही सेना कूत-अल-अमारा येथे मागे आली, ७ डिसेंबरपासून वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. पुढे हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐनच्या बाजूस बगदाद रेल्वेच्या कामावर लावण्यात आले. पुष्कळजण वाळवंटातील वाटचालीत, उपासमारीने व रोगाने मेले, आणि ज्यांची कबर अज्ञात राहिली त्यांचे स्मारक म्हणजे १९२९ मध्ये उघडलेले बसरा स्मारक. त्यावर ४०,००० हून अधिक मृतांचे स्मरण आहे. परंतु हिंदी सैन्याच्या बाबतीत अधिकाऱ्यांची नावे कोरून बाकीच्यांचा प्रत्येक पलटणीखाली केवळ आकडा दिला गेला. फ्रान्समधील नव शापेलच्या १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे आहेत, तेव्हा नावे कोरणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच समितीचा अहवाल प्रसिद्ध करून या विषमतेची कबुली दिली.

म्हणजे गावच्या शिलेवर आकडा आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकडा. दोहोंच्या मध्ये नावे आहेत, पण ती कागदावर आहेत. आयोगाच्या यादीत आज बसऱ्याच्या शिपायांची नावे शोधता येतात, आणि पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव, गाव व जिल्हा हेही सापडते. ही नोंद इंग्रजीत झाली असल्यामुळे गावाचे मूळ नाव ओळखण्यापासूनच अडचणीस आरंभ होतो. साताऱ्याचे अपशिंगे आणि तुळजापुराजवळचे अपसिंगा ही दोन गावे रोमन लिपीत जवळजवळ एकच होतात. जिल्हा पाहून निवाडा करावा, तर जिल्हेही स्थिर राहिलेले नाहीत. त्या काळच्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग १९४९ मध्ये वेगळा निघून पुढे सांगली जिल्हा झाला, आणि औंध, फलटण यांसारख्या संस्थानांची गावे तर ब्रिटिश जिल्ह्याच्या हिशेबातच नव्हती. शिवाय जेथे सारा गाव एका भावकीचा आहे, तेथे एकाच नावाचे व आडनावाचे दोन-तीन तरुण एकाच पलटणीत असणे मुळीच असंभाव्य नाही. अशा वेळी बापाचे नाव हाच एक आधार उरतो.

यानंतर गावचे दप्तर उघडावयाचे. प्रथम हात जातो तो कोतवाल बुकाकडे, म्हणजे जन्ममृत्यूच्या वहीकडे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून या वह्यांकडे शासनाचे व लोकांचे लक्ष वेधले गेले असून मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मागणी आली आहे, ही इतिहासाच्या अभ्यासकास अनपेक्षित लाभाची गोष्ट म्हटली पाहिजे. परंतु आपल्या विषयात ही वही बहुधा निराशा करते. तिच्यात गावात घडलेले मृत्यू येतात. कूत येथे किंवा रास-अल-ऐन येथे मेलेला माणूस तिच्या कक्षेबाहेर आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत या वह्यांची पाने भरून गेली. त्याच वर्षी परमुलखात मेलेला गावचा शिपाई मात्र त्या दाटीत दिसत नाही.

तरीही ही वही बाजूस सारू नये, असे आमचे मत आहे. जो शिपाई आजारी होऊन घरी आला आणि काही महिन्यांनी गावातच मेला, त्याचे नाव येथेच सापडण्याचा संभव आहे. कारणाच्या रकान्यात 'ताप' असेल. तो सैन्यातून मुक्त झाला असेल आणि त्याच्या मृत्यूचा युद्धसेवेशी संबंध कोणी सिद्ध केला नसेल, तर आयोगाच्या यादीत त्यास जागा नाही. गावचा आकडा कोणी सांगितला व त्यात असा माणूस धरला की नाही, हे शिलेवरून कळत नाही. आकडा व यादी जुळत नाही तेव्हा चूक यादीचीच असते असे नाही, याचे हे एक कारण होय.

खरे फलदायी साधन म्हणजे हक्कनोंदीचे दप्तर. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत सुरू झाली, त्यामुळे महायुद्धाच्या वेळी फेरफार व वारसनोंदी होऊ लागल्या होत्या. खातेदार मयत झाला की वारसाचे नाव लावणे भाग पडे, मग तो कोठेही मेलेला असो. जे कोतवाल बुकाला दिसत नाही ते तलाठ्याच्या फेरफारास दिसते ते यामुळे. मात्र फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कैदेत मेलेल्यांची वार्ता उशिरा येई. ज्याची वार्ताच आली नाही त्याच्याविषयी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील सात वर्षांचे गृहीतक होते. म्हणून १९१६ मध्ये नाहीशा झालेल्या माणसाची वारसनोंद १९२३ किंवा १९२४ मध्ये सापडल्यास नवल वाटू नये, आणि शोध १९१९ पाशी थांबवू नये.

परंतु याच दप्तराची एक मोठी उणीव सांगितली पाहिजे. एकत्र कुटुंबात जमीन कर्त्याच्या नावे असे. पलटणीत भरती होई तो पुष्कळदा धाकटा भाऊ, आणि त्याच्या नावे काहीच नसे. तो मेला तर सातबाऱ्याच्या पूर्वीच्या त्या कागदांत एक रेघही बदलत नसे. त्याची विधवा त्याच घरात राही. संयुक्त मिळकतीत तिला पतीचा हिस्सा मिळण्याची तरतूद १९३७ च्या कायद्यापर्यंत झाली नव्हती, त्यामुळे तिचेही नाव कोठे चढत नसे. भूमिहीनांची स्थिती याहून बिकट. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. तिच्यातील, तसेच खेचरे हाकणारे, भिस्ती व ओझेवाले म्हणून गेलेल्यांतील मृतांचा माग जमिनीच्या कागदांवर विसंबून लागणे कठीण आहे. त्यांच्यापैकी वतनदार घरांच्या बाबतीत वतनाच्या नोंदवह्यांचा आधार मिळू शकतो, इतरांस तोही नाही. जमिनीच्या दप्तरावर रचलेली मृतांची यादी ही नकळत खातेदारांची यादी होते, हे अभ्यासकाने सतत ध्यानात बाळगावे.

पंजाबात निराळा प्रकार घडला. तेथील सरकारने युद्धानंतर गाववार नोंदवह्या केल्या. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या त्या वह्यांतील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी २०२१ मध्ये प्रकाशात आल्या. आपल्याकडे हे काम विखुरलेल्या कागदांतूनच करावे लागणार, आणि त्यात ४६ हा आकडा भरून काढण्याचा मोह टाळावा लागणार. एकेचाळीस नावे पक्की झाली व पाच झाली नाहीत, तर एकेचाळीसच छापावीत. दुसऱ्या गावचा मृत आपल्या यादीत ओढून आणल्याने त्या गावची एक जागा कायमची रिकामी होते.

दप्तरे संपली की घरे उरतात. युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते, म्हणून ते हाती लागल्यास यादीतील नोंदीशी निश्चित जुळणी करता येते. शिपायाचे पदक चांदीचे असल्यामुळे ते मोडीत जाण्याचा धोका अधिक. बिगारी व नोकरवर्गास तेच पदक काशाचे मिळाले, ते मोडून काही मिळण्यासारखे नव्हते. मृताच्या वारसास याखेरीज सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची काशाची एक तबकडी देण्यात आली होती. तीवर मृताचे नाव उठावदार अक्षरांत आहे, परंतु हुद्दा नाही, पलटण नाही, गावही नाही. बसऱ्याच्या भिंतीवर ज्यास नाव मिळाले नाही त्याचे नाव या तबकडीवर असू शकते. मात्र ती घरातून निघून बाजारात गेली की ते कोणत्या सखारामाचे किंवा कोणत्या धोंडीचे, हे सांगण्यास काही साधन उरत नाही. म्हणून ती जेथे असेल तेथेच तिची नोंद करावी, आणि प्रथम घराची, मग तबकडीची करावी.