अंगराज कर्ण आणि आर्चबिशप बेकेट

मागच्या वेळी आपण देवलांच्या 'संशयकल्लोळ'चं मूळ मोलिएरपर्यंत खणत नेलं. आज अलीकडचं फ्रेंच नाटक आणि आपले तात्यासाहेब शिरवाडकर.

तात्यासाहेब त्या भाषेतल्या नाटकाकडे दोनदा गेले. 'वैजयंती'ला (१९५०) मेटरलिंकच्या 'मोना व्हाना'चा आधार. त्यावर पुन्हा केव्हातरी बोलू. दुसरं 'बेकेट', ज्याँ आनुईच्या १९५९च्या नाटकावरून केलेलं. 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं त्याच सुमाराचं, म्हणून बिचारं झाकोळलं.

गोष्ट बाराव्या शतकातल्या इंग्लंडची. दुसरा हेन्री राजा, थॉमस बेकेट त्याचा जिवलग. चर्च आपल्या मुठीत राहील या हिशेबाने राजाने ११६२ साली मित्रालाच आर्चबिशप केलं. आणि हा गृहस्थ त्या पदाशीच इमान राखायला लागला की! २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या सरदारांनी कँटरबरीच्या चर्चमध्ये त्याला मारलं.

गंमत सांगतो. आनुईने ज्या जुन्या इतिहासग्रंथावर भिस्त ठेवली त्यात बेकेट सॅक्सन, म्हणजे जित जमातीतला होता. प्रत्यक्षात तो नॉर्मन. चूक कळल्यावरही आनुईने ती तशीच ठेवली, कारण जेत्याचं मीठ खाणाऱ्या जिताला स्वतःची इभ्रत कुठे सापडते, हाच तर त्याचा प्रश्न. इतिहासाचा मास्तर इथे कान पिळेल. आम्ही तत्त्वज्ञानवाले, आम्ही सोडून देतो.

आता 'कौंतेय' (१९५३) आठवा. कर्णालाही राजमित्रानेच अंगराज केलं. पक्ष चुकीचा आहे हे कळूनही कर्ण मैत्रीला धरून राहिला. बेकेटने पद धरलं, मैत्री सोडली. एकाच लेखकाने जवळजवळ वीस वर्षांच्या अंतराने ही दोन्ही माणसं हाताळली, आणि आमच्या मते दुसरा पहिल्याला उत्तर देतो. आपल्याला कर्ण जवळचा वाटतो, कारण उपकार फेडणं हे आपल्याकडे धर्माच्याही वरचं. बेकेट कृतघ्न वाटतो. आनुई त्याला संतही करत नाही. देवावर त्याची श्रद्धा किती, हे शेवटपर्यंत धूसरच ठेवतो.

इथे बोईसरला समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तारापूरला पाळ्या केल्यात, म्हणून हे सांगतो. आमचा पालघरचा एक जुना विद्यार्थी. कारखान्याचा मालक त्याचा बालमित्र, त्यानेच त्याला सेफ्टी ऑफिसर केलं. एकदा दुरुस्ती अर्धवट असताना प्लँट सुरू करायच्या कागदावर सही मागितली. तो रात्री आमच्याकडे आला. "सर, याचं मीठ खाल्लंय." आम्ही त्याला तासभर कांट सांगितला. 'बेकेट' हातात द्यायचं सुचलंच नाही.

सही त्याने केली नाही. नोकरी गेली, मैत्रीही. पुढे मालकाच्या मुलीच्या लग्नाला तो गेला, मागच्या रांगेतून अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आला.