गोठा मापाचा, बैल पोळ्याचा



कौंडण्यपूर म्हटले की आपल्याला रुक्मिणीचे माहेर आठवते. वर्धा नदीच्या काठचे ते पुरातन टेकाड, कार्तिकातली यात्रा आणि भीष्मक राजाची कथा वऱ्हाडातल्या घराघरांत ठाऊक आहे. आज मी मात्र राजवाड्याविषयी बोलणार नाही. गोठ्याविषयी बोलणार आहे. आणि गोठाही केवढा, तर तळहातावर मावेल एवढा!

त्याचे असे झाले. दिवाळीच्या सुटीत कौंडण्यपूरच्या बाजूच्या काही मुलांनी आगगाडीचा देखावा मांडायचे ठरविले. ही हौस मूळची युरोपातली. जर्मनीतल्या मेर्क्लिन कारखान्याने १८९१ साली लायपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर धावणारी खेळण्यातली गाडी मांडली. पुढे नाताळच्या झाडाभोवती अशी गाडी फिरविण्याची रीत घरोघर पडली. आपल्याकडे पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर हा छंद जोपासला. त्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे सगळे काही मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे आहे.

आमच्या मुलांनी विचारले, "गुरुजी, आपन कोनती गाडी करायची?" मी म्हटले, "आपलीच करू. नदीपलीकडची."

नदी ओलांडली की आर्वी. आर्वीहून पुलगावपर्यंत अडीच फुटी रुळांची लहान गाडी धावत असे. हिची कथा कापसाची आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली मोठी रेल्वे नागपूरला पोहोचली. पण मोठ्या रुळापासून दूर असलेल्या गावांच्या कापसाचे काय? त्यासाठी किलिक-निक्सन या इंग्रज पेढीने १९१० साली मध्यप्रांत रेल्वे कंपनी काढली. आर्वीची गाडी तिचीच, आणि मूर्तिजापुराहून अचलपूर व यवतमाळला जाणारी आपली शकुंतलाही तिचीच. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले इंजिन शकुंतलेला १९९४ पर्यंत ओढत होते. ज्या शहराकडे आपला कापूस जाई, तिथलेच इंजिन तो न्यायला आले होते, म्हणा ना! आता या लहान गाड्या बंद झाल्या आहेत.

मग माप ठरले. एका फुटाला पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसावा हिस्सा. या मापात अडीच फुटी रूळ पाच अष्टमांश इंचाचा, म्हणजे सुमारे सोळा मिलिमीटरचा होतो. बाजारात मिळणाऱ्या खेळण्यातल्या गाडीचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा असतो. अर्धा मिलिमीटर कोण पाहतो? गाडी आयतीच बसली. स्थानक झाले, जिनिंगची शेड झाली. मग एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, कापूस बंडीतून येते. बंडीले बैल लागते. बैल राहाते कुठं?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा गोठा हवा.

गावातील एका आबाजींचा जुना गोठा आम्ही मोजायला गेलो. आबाजी हसले. "काऊन मोजता रे पोट्टेहो? पाडाले आला हा." तरी मुलांनी टेप लावला. लांबी चोवीस फूट, रुंदी बारा. आढे दहा फुटांवर. एका बाजूचे पाखे दुसऱ्यापेक्षा बरेच खाली उतरलेले. मुलांना वाटले, सुताराची चूक असावी. आबाजी म्हणाले, "चूक नाही बाप्पा. पावसाची झड तिकून येते." मेढी किती, गव्हाण किती उंच, कुटार कोणत्या कोपऱ्यात, दावण कुठे, सारे वहीत उतरले.

घरी येऊन बांधकाम सुरू झाले. चोवीस फुटांचे सहा इंच झाले आणि बारा फुटांचे तीन. तुराटीच्या मेढी, बांबूच्या कामट्यांचे वासे, बारीक पन्हळीच्या पुठ्ठ्याचे कवेलू. भिंतीला मुलांनी शेतातली काळी माती लावली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो भिंतीला भेगाच भेगा! आबाजींना दाखविली. ते म्हणाले, "काळी पेरासाठी, पांढरी घरासाठी. हे बी माहीत नाही?" गावठाणाची पांढरी माती आणून, चाळून, डिंकात कालवून लावली, ती टिकली.

शेवटी एकाने हौसेने तान्ह्या पोळ्याचा आपला लाकडी बैल आणून गोठ्यापुढे उभा केला. "गुरुजी, बैल तं आढ्याच्याही वर गेला! हा खोटा हाय का मंग?" मी म्हटले, "खोटा नाही. तो पूजेचा आहे, मापाचा नाही." साडेचार फुटी बैल या गोठ्यात एक इंचाहून थोडा मोठा होतो. मुलांनी मातीचे तसले दोन बैल केले आणि गव्हाणीशी बांधले.

शिक्षक बंधुभगिनींनो, इतिहास शिकवायची ही एक वाट आहे. पाव इंचाने चालायचे म्हटले की अंदाज चालत नाही, मूळ वस्तूपाशी जावेच लागते, आणि मोजताना "असे का?" हा प्रश्न आपोआप निघतो. रेल्वेच्या गाड्यांची मापे, नकाशे, इंजिनांची वर्षे लोकांनी टिपून ठेवली. पण मँचेस्टरला गेलेला तो कापूस ज्या बैलांनी स्थानकापर्यंत ओढला, त्यांच्या गोठ्याचा नकाशा कुठे आहे? तो आबाजींच्या डोक्यात आहे, आणि गोठा तर पाडायला आला आहे.

कौंडण्यपूरच्या टेकाडात १९६० नंतर उत्खनन झाले, आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. मातीखाली गेलेले पुन्हा मोजायला असे जाणत्यांचे हात आणि पुष्कळ वर्षे लागतात. उभे आहे ते मोजायला एक टेप, एक वही आणि चार मुले पुरतात. येत्या सुटीत आपल्या गावातला सर्वांत जुना गोठा गाठा. मालकाची परवानगी घ्या आणि त्यांनाही सोबत बसवा. मापे तर हवीतच. ते जे सांगतील तेही वहीत लिहून घ्या.